दोन बनियन

१२ जानेवारी, रविवार

डिझेलवाल्याने कारखान्याला चार डायऱ्या दिल्या. तीन शेटनी घरी नेल्या, चौथी माझ्या टेबलावर पडून होती. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात बसतो, किती लाद्या गेल्या त्याची चलनं फाडतो, एवढंच माझं लिखाण. पण डोक्यात जे चाललंय ते कुणाला सांगायची सोय नाही आणि नाही सांगितलं तर डोकं फुटेल. म्हणून हे.

आज घरी दोन गोष्टी ठरल्या. अक्षयाशी माझं लग्न अकरा मेला. आणि यंदा शिमग्याला पेटारा मी घ्यायचा.

बाबांचा उजवा खांदा धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. देवीची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, ठेवलेला पेटारा वर्षभर आमच्या देवघरात असतो. तेरसेच्या सकाळी थोरल्या घरातल्या पुरुषाने विहिरीवर अंघोळ करायची आणि ओलेत्याने, उघड्या अंगाने, पेटारा डोक्यावर घेऊन सहाणेपर्यंत, पालखी बसवतात त्या चौथऱ्यापर्यंत, चालत जायचं. मग पालखीत रुपं लागतात. दोन्ही बाजूंना सगळा गाव उभा, मुंबईवाले मोबाईल वर करून.

उघड्या अंगाने! आमच्या घरात वर एक शेला बांधतात, पण ओल्या अंगाला चिकटलेला शेला काय झाकणार?

मी शर्टाच्या आत दोन बनियन घालतो. आत एक लहान मापाचं, करकचून बसणारं, आणि त्यावर माझ्या मापाचं. आठवीपासून, मे महिन्यात सुद्धा. घ्या, लिहिलं एकदाचं.

बाबा म्हणाले, "तू नाय घेतलास तर मान जायल धाकट्या घरात. एकदा गेला की गेला."

आई म्हणाली, "घेल तो. न घ्यायला काय झाला त्याला?"

मी अर्ध्या जेवणावरून उठलो.

१८ जानेवारी, शनिवार

आज गेलो. बाबल्याच्या रिक्षाने गेलो, आणि दवाखान्याच्या अलीकडे दोन गल्ल्या उतरलो. बाबल्या गावातला, पहिलीपासूनचा दोस्त. "मेल्या, एवढा लपत चाललास तर लोकांना वेगलाच काय तरी वाटेल," म्हणाला. खरं होतं ते.

कोल्हापूरचा सर्जन महिन्यातून दोन शनिवारी रत्नागिरीत येतो. बाहेर बाकावर सहा बायका आणि मी. प्रत्येकीने एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

डॉक्टरने शर्ट काढ म्हटलं, मग बनियन काढ म्हटलं, मग हसून म्हणाला, "अजून एक?" तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाला, "याला गायनेकोमास्टिया म्हणतात, पुरुषाची छाती वाढणं. आजार नाही. वयात येताना कित्येक पोरांना होतं, काहींचं राहतं. काही केलं नाही तरी चालतं. घरात आणखी कुणाला आहे?"

मी म्हटलं, "नाही. आमच्या घरात सगळे पुरुष व्यवस्थित आहेत."

मग भिंतीला टेकवून फोटो काढले. समोरून, बाजूने. कैद्यासारखे. ते टॅबवर घेतले, बोट फिरवलं आणि ऑपरेशननंतर मी कसा दिसेन ते दाखवलं. सपाट छाती. माझंच तोंड, माझाच मानेवरचा तीळ, आणि खाली दुसऱ्या कुणाचं तरी अंग. मी मागून मागून तो फोटो माझ्या मोबाईलवर घेतला. आल्यापासून पंचवीस वेळा तरी बघितला असेल.

१ फेब्रुवारीची तारीख दिली. त्यानंतर चार आठवडे काही उचलायचं नाही, सहा आठवडे छाती घट्ट रबरात बांधून ठेवायची. तेरस ११ मार्चला. हिशोब बसतोय.

२० जानेवारी

रक्त तपासायला दिलं. अक्षया ज्या लॅबमध्ये काम करते तिकडे जाणं शक्यच नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहानशी लॅब शोधून काढली. तिथला पोरगा म्हणाला, "हार्मोनचं आमच्याकडे नाही होत, बाहेर पाठवतो. उद्या संध्याकाळी न्या." म्हटलं पाठव बाबा कुठे पाठवायचं तिकडे.

२२ जानेवारी

रिपोर्ट सगळा नॉर्मल. टेस्टोस्टेरॉन तर भरपूर. मग हे काय लावलंय देवाने?

अक्षयाचा फोन. ती मला अजून अहो-जाहो करते, मीही तिला. आज उगाचच म्हणाली, "तब्येत काय म्हणतेय? रक्तबिक्त कमी नाही ना?"

मी म्हटलं, "ठणठणीत."

"माहितीये," म्हणाली. मग, "आम्हाला लॅबवाल्यांना सगळी माणसं सारखीच दिसतात. लाल."

विनोद बरा होता. मला हसता आलं नाही.

२६ जानेवारी

कारखान्यात झेंडावंदन. नंतर भज्या. लादीवाले हमाल उघडे बसले होते. थंडीचे दिवस असून त्यांच्या अंगातून वाफा निघतात. एकाने मला हाक मारली, "ओ क्लार्क, काढा तो शर्ट, बसा आमच्यात." सहज म्हणाला बिचारा. मी भज्यांचा कागद तिथेच ठेवून आत गेलो.

दहावीतलं आठवलं. गावच्या नमनाच्या खेळात गौळण करायला पोरगा हवा होता. मला धरलं. नमनात बायकांची कामं पुरुषच करतात, त्यात काही नाही. चोळीत कापडाचे बोळे कोंबतात. मला साडी नेसवताना रंगवणारा मोठ्याने म्हणाला, "ह्याला बोले नकोत! ह्याचा देवानंच केलाय!" सगळा मांडव हसला. मी नाचलो. चांगला नाचलो, हे पण लिहितो. शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव 'वहिनी'. बारावीपर्यंत तेच.

त्या दिवशी मांडवात सगळे हसले, बाबा तेवढे उठून बाहेर गेले. मला वाटलं, पोराची लाज वाटली.

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर आला नाही! घाटात ट्रक आडवा झाला म्हणे. आता पंधरा तारीख. मी काउंटरवरच्या बाईवर ओरडलो. नंतर माफी मागितली. पंधरापासून चार आठवडे म्हणजे पंधरा मार्च. तेरस अकराला. चार दिवस कमी पडतायत. चार दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे?

२ फेब्रुवारी

आज बाबांनी मला 'गाठ' शिकवायला घेतली.

बाकीचे मानकरी पालखीपुढे सगळे उघडे असतात. आमच्या घरातला तेवढा छातीवर शेला बांधतो. दोन्ही खांद्यांवरून आडवा, छातीवर फुली, मागे गाठ. आजोबांनी, महिपतबाबांनी सुरू केलं. गाव म्हणतो देवीने त्यांना स्वप्नात सांगितलं. फोटोत ते तसेच उभे आहेत, शेला एवढा घट्ट की श्वास कसा घेत असतील कोण जाणे.

बाबांनी बनियनवरूनच स्वतःला बांधून दाखवलं. धरलेला खांदा, तरी हात मागे नेत होते, तोंड वेडंवाकडं करत. "इथं दोन पदर येवला पायजेत. हितला सुटला तर सगला सुटला."

मी म्हटलं, "बाबा, मी शेला नाही बांधणार. सगळे जातात तसा जाणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खाली, छातीकडे नाही, तोंडाकडेच. "सगल्यांचा वेगला, आपला वेगला."

"काय वेगळं आहे?"

ते शेल्याची घडी घालत बसले. तीन वेळा घातली तरी त्यांच्या मनासारखी होईना. या जुन्या माणसांना रीत सोडवत नाही. मी सहा आठवडे रबरात बांधून घ्यायला तयार झालोय ते कशासाठी? एकदा तरी मोकळ्या छातीने चालायचंय मला, सगळ्यांसमोर. ते शेला गुंडाळून झाकायचं असतं तर डॉक्टर कशाला हवा होता?

९ फेब्रुवारी

भाट्याच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो. झक मारली आणि हो म्हटलं.

फोटोवाला मला म्हणे, "दादा, वरची तीन बटणं सोडा, पाण्यात लोळा." मी म्हटलं सर्दी झालीय. अक्षयाला म्हणे, "ताई, ओढणी काढा, चेहरा जवळून घेतो." तिने ओढणी हनुवटीपर्यंत ओढली ती सोडलीच नाही. म्हणाली ऊन लागतं. संध्याकाळी साडेपाचला कसलं ऊन? तिला बहुतेक मी आवडत नाही. जवळ उभं राहायलाही नको असेल.

फोटोवाला वैतागून म्हणाला, "राहू द्या, दोघांचं मी ॲपमध्ये करतो." जेवायच्या आत फोटो आले सुद्धा. माझी छाती फळीसारखी, खांदे दारात मावायचे नाहीत असे. तिचा चेहरा धुतल्या बशीसारखा. दोन परकी माणसं आमचे कपडे घालून उभी होती. आईने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबल्याच्या खोलीवरून लिहितोय. घरी सांगितलंय, नव्या कॉम्प्रेसरचं ट्रेनिंग, दोन दिवस कोल्हापूर.

झालं. भूल उतरल्यावर पहिल्यांदा बाबल्याचं तोंड दिसलं. फॉर्मवर 'नाते' लिहायचं होतं तिथे त्याने 'दोस्त' लिहिलंय. नर्स म्हणाली रक्ताचं नातं लागतं. हा म्हणाला, "ह्याच्या नाकातला रक्त मीच काढलाय चौथीत, चालल काय?"

दुखतंय. पण मी हसलो, आणि हसल्यावर जास्त दुखलं.

१७ फेब्रुवारी

जॅकेट. डॉक्टर जॅकेट म्हणतात, आहे ते अंगाच्या रंगाचं, पुढे हुकांच्या दोन रांगा असलेलं, करकचून आवळणारं. दिवसरात्र घालायचं, फक्त अंघोळीला काढायचं. बाबल्या हूक लावताना म्हणाला, "मेल्या, बायको येवच्या आदीच ह्या शिकलो मी." पुरुष व्हायला निघालो आणि हुकांत येऊन अडकलो.

डॉक्टरांना फोन करून पुन्हा विचारलं, अकरा मार्चला डोक्यावर थोडं वजन घेतलं तर? "किती थोडं?" मी म्हटलं, पंधरा-वीस किलो. ते म्हणाले, "आतून रक्त धरलं तर परत उघडावं लागेल. चार आठवडे म्हणजे चार आठवडे. देव थांबेल."

यांना आमचा देव माहीत नाही.

२१ फेब्रुवारी

फसवलं मला! छाती आधीपेक्षा मोठी दिसतेय. काळीनिळी, सुजलेली. फोटोतला माणूस कुठाय? मोबाईल आरशाशेजारी धरून बघतोय. डॉक्टरला फोन केला. "सूज आहे, उतरेल, आरशात कमी बघा."

कसं कमी बघू?

२४ फेब्रुवारी

जॅकेट मीच धुतो, माडीवर कौलांखाली दोरीवर टाकतो. आज विसरून कामावर गेलो, दुसरं अंगात होतं. संध्याकाळी आलो तर आई तोंड फुगवून. जेवण वाढलं, भांडं आपटलं, शेवटी फुटली. "अडीच महिन्यांवर लगीन आला नि बाईमाणसाचे कपडे माडीवर? कोण हाय ती?"

मी हसू की रडू! "आई, तो कमरेचा पट्टा आहे. लादी उचलताना उसण भरली."

"कमरंच्या पट्ट्याला खांदं कशाला?"

बाबा मध्ये पडले. आईच्या हातातून जॅकेट घेतलं, उलटसुलट केलं. हुकांवरून अंगठा फिरवला. आतल्या बाजूला तपकिरी डाग होता, तिथे थांबले. मग एवढंच म्हणाले, "उन्हात नको घालू ह्या. रबर जाता." आणि स्वतः माडीवर जाऊन परत दोरीवर टाकून आले, सावलीत.

सुटलो. बाबांना काही कळलं नाही.

२८ फेब्रुवारी

सूज उतरतेय. आज अंघोळीला बाजूने बघितलं. सपाट! मी मोरीतच ओरडलो. आई म्हणाली विंचू चावला काय.

१ मार्च

बाबांना बाबल्या पालीच्या स्टँडवर भेटला होता. त्याने तोंड उघडलं असणार, कारण आज बाबांनी ओटीवर बसल्या बसल्या विचारलं, "तुज्या त्या डॉक्टरकडं म्हाताऱ्यांचा पण करतात काय?"

वाटलं, सगळं कळलं. पण मग लक्षात आलं. म्हटलं, "खांद्याचा डॉक्टर वेगळा असतो बाबा. हाडांचा. पुढल्या आठवड्यात नेतो तुम्हाला."

"बरा," म्हणाले. जरा वेळाने, "नको. आता काय उरलाय."

बासष्ट वय म्हणजे काय म्हातारपण? खांद्याला एवढे कंटाळलेत.

५ मार्च

अक्षयाने पालीच्या बाजारात भेटायला बोलावलं. मला वाटलं, लग्न मोडायला. रस्ताभर तेच घोकत गेलो.

दोन कोकम सरबतं मागवली. बसली आणि ओढणी काढून बाजूला ठेवली. हनुवटीवर लालसर बारीक पुरळ, खालपासून कानापर्यंत.

"लेझर," म्हणाली. "दर सहा आठवड्यांनी. मला दाढी येते. बारावीपासून. लग्नाआधी सांगायचं होतं, हिंमत होत नव्हती. आता बघ आणि काय ते ठरव."

मी बघत राहिलो. मग मूर्खासारखं विचारलं, "कुठल्या डॉक्टरकडे?"

"तुझ्याच. बाजूच्या खोलीत मशीन आहे." मग सरबताचा ग्लास गोल गोल फिरवत म्हणाली, "तुझं हार्मोनचं रक्त आमच्याच लॅबला आलं होतं. मीच लावलं मशीनला. नाव वाचलं, डॉक्टरचं पण. कशासाठी ते कळलं. कुणाला नाही बोलले. वाटलं, तू सांगशील."

आज पहिल्यांदा मला तू म्हणाली. जानेवारीपासून हिला माहीत होतं! मी दोन बनियन घालून घामाने निथळत होतो, ही हनुवटी झाकून उन्हाला दोष देत होती. मला एकदम राग आला. तिच्यावर नाही. कुणावर ते कळलं नाही.

म्हटलं, "मला दाढी चालेल."

"मला नाही चालत," म्हणाली. "तुला तुझं चालत होतं का?"

मी सरबत प्यालो. निघताना शर्टातून दिसणाऱ्या जॅकेटच्या पट्टीकडे बघून तिने विचारलं, दुखतं का? म्हटलं, हो. म्हणाली, लेझर पण चटकतं, रबरबँड मारल्यासारखं. बसस्टॉपपर्यंत आम्ही दुखण्याबद्दलच बोललो. सहा महिन्यांत एवढं बोललो नव्हतो.

१० मार्च

उद्या. घरात पाहुणे उतू चाललेत. सहाणेवर मांडव पडला. धाकट्या घरातला काका सकाळीच डोकावून गेला. "गंगाराम, जमंल ना पोराला? नायतर माजा थोरला हाय हो." बाबा म्हणाले, "जमंल."

दुपारी कुणी नसताना देवघरात जाऊन पेटारा उचलून बघितला. गुडघ्यापर्यंत आला. आत डावीकडे काहीतरी ताणलं, चटका बसला. खाली ठेवला. जॅकेटवर रुपयाएवढा ओला डाग.

कुणाला सांगणार नाही. उद्या अर्धा तास, मग काय व्हायचं ते होवो. छाती सपाट झालीय, शेला नको. एकदाच.

११ मार्च, तेरस. संध्याकाळ

आजचं सगळं नीट, क्रमाने लिहायला हवं.

उजाडताना बाबांनी उठवलं. म्हणाले, "चल, मी पण येतो विहिरीवर." आजवर आम्ही कधी एकत्र अंघोळ केलेली नाही. बाबा नेहमी आम्ही उठायच्या आत विहिरीवरून येतात, कोरडं बनियन घालून. लावणीला सगळे उघडे असतात, बाबा सदऱ्यात. मी कधी विचारच केला नव्हता त्याचा. बापाच्या अंगाचा विचार कोण करतो?

विहिरीवर आम्ही दोघेच. त्यांनी सदरा काढला. मग बनियन काढलं. आत अजून एक होतं.

आत अजून एक होतं. लहान मापाचं. पाठीवर धुवून धुवून जाळी झालेलं. खांदा वर जात नव्हता म्हणून ते डोक्यातून निघेना. मला म्हणाले, "वड जरा."

मी ओढलं.

बाबांची छाती माझ्यासारखी. माझी होती तशी. वयाने उतरलेली, पांढरे केस, पण तीच. काखेखालून पाठीपर्यंत बनियनच्या शिवणीचा वळ, कातडीत कायमचा बसलेला. मी ते बनियन हातात धरून काठावर बसलो.

"महिपतबाबांचा पण असाच," म्हणाले, पाण्याकडे बघत. "देवीबिवी कोण सपनात नाय आली. त्यांनी बांधला, मी बांधला. तुला दावत व्हतो तर तू म्हणलास नको. तुला गौलण केला तवा मला बोलायला पायजे व्हता. मी उठून गेलो. तोंड नव्हता मला."

तिथेच मला रडू फुटलं. लहान पोरासारखा रडलो, नाक गळेपर्यंत. डॉक्टरला सांगितलं होतं, आमच्या घरात सगळे पुरुष व्यवस्थित आहेत.

बाबांनी माझ्या जॅकेटचे हूक सोडले, एकेक, सावकाश. डाग बघितला. टाक्यांच्या रेषा बघितल्या. बोट लावलं नाही. "लय दुखला?"

"हो."

"आता चांगला दिसता," म्हणाले. मग परत हूक लावले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "ह्याच्यावर पानी नको. पेटारा मी घेतो."

"तुमचा खांदा बाबा!"

"एका हातानं घेन. दुसरा हात तुजा लाव, नुसता. घरातलाच हात हाय, देवीला चालता."

अंघोळ करून उठले, ओलेत्याने घरी आले, पेटाऱ्यापुढे हात जोडले. शेला पाटावर घडी घालून ठेवलेला होता. मी उचलून त्यांना बांधायला गेलो, मला आता गाठ येत होती. त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि माझ्या अंगावर घातला, जॅकेट झाकेल असा. दोन पदर, मागे गाठ. एका हाताने आणि दातांनी आवळली. ती बांधायला त्यांना किती कळ लागली ते मला त्यांच्या श्वासावरून कळलं.

मग ते तसेच बाहेर पडले.

ढोल वाजत होते. दोन्ही बाजूंना गाव. डोक्यावर पेटारा, डावा हात वर, उजवा पोटाशी, उघडी छाती प्रत्येक पावलाला हलत होती. मी बाजूने चालत होतो, पेटाऱ्याला बोटं टेकवून. मुंबईवाल्यांचे मोबाईल वर. दोन पोरं फिसकन हसली, मी ऐकलं, बाबांनीही ऐकलं असणार. त्यांचं पाऊल चुकलं नाही. कुणीतरी मागून त्या पोरांच्या पाठीत धपाटा घातला. बाबल्या असावा.

सहाणेच्या पायरीशी धाकट्या घरातली म्हातारी काकी उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गंगाराम, शेला इसरलास काय रं?"

बाबा थांबले. पेटारा डोक्यावर, मान हलवता येत नव्हती, म्हणून समोर बघतच बोलले.

"इसरलो नाय काकी. पोराला लागत व्हता."

रुपं लागली. पालखी उठली. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. आई शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझा शेला पाठीवर सारखा केला, हुकांवरून तिचा हात गेला आणि तिथेच राहिला. 

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरने बघितलं. आतून थोडं पाणी धरलं होतं, सुईने काढलं, परत उघडायची गरज नाही. ओरडले मला. मी ऐकून घेतलं. म्हणाले, निकाल उत्तम आहे, वेबसाइटला फोटो टाकू का, तोंड दिसणार नाही. मी म्हटलं नको. टॅबवरचा तो जुना फोटो पण मोबाईलमधून काढून टाकला. आता तो आणि मी जवळजवळ सारखे दिसतो. तरी तो मी नाही, का ते सांगता येत नाही.

बाहेर बाकावर अक्षया होती, पुरळ दाखवायला आलेली. मी तिच्या शेजारी बसून राहिलो, तिचं नाव पुकारेपर्यंत. सहा बायकांनी आमच्याकडे बघून घेतलं.

२९ मार्च

जॅकेट सुटलं. सहा आठवडे पूर्ण.

उकाडा असह्य झालाय, पानसुद्धा हलत नाही. संध्याकाळी कामावरून आलो तर बाबा ओटीवर उघडे बसले होते, पंच्याने वारा घेत. तेरसेपासून ते असेच बसतात. रस्त्याने लोक जातात, रामराम करतात, बाबा हात वर करतात, जातो तेवढा. काका पण येऊन बसला होता, हापूसच्या पेट्यांचं काहीतरी बोलत. कुणाला काही पडलेलं नाही.

मला म्हणाले, "काढ तो शर्ट. किती घामाघूम झालास."

मी शर्ट काढला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. काकाही बघू लागला.

सकाळी अंधारात, सवयीने, कधी घातली मला कळलंच नव्हतं. अंगात दोन बनियन होती.